परतीच्या गाडीतला ऑर्गन

डोळ्यांत ते थेंब घातले की अर्धा तास नीट काही दिसत नाही. गेल्या महिन्यात मुलुंडला डॉक्टरांकडे अशीच बसले होते, पहिल्या मजल्यावर, खिडकीशी. समोरचा रस्ता, रिक्षा, झाडं, सगळं पाण्यात विरघळल्यासारखं. आणि खालून पेंढ्याचा वास आला. कोरडा, उन्हात तापलेला, थोडा कुबट पेंढा आणि त्यात मुरलेला, पिकायला आलेला हापूस. खाली फळवाल्याने पेटी उघडली असणार. मी डोळे मिटून घेतले तेव्हा मला उमगलं, मी कुठे बसले आहे ते. ही इमारत नव्हती तेव्हा इथे मोकळं मैदान होतं. मे महिन्यात कोकणातून आंबे घेऊन येणारे ट्रक इथे उभे राहायचे.

याच मैदानातून इंदूमावशीचा ऑर्गन गावाला गेला. त्याच्यासोबत मीही गेले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

इंदूमावशी नात्याने माझी कोणी नव्हती. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची दुमजली चाळ होती. आम्ही वर राहायचो आणि ती खाली, अगदी शेवटच्या खोलीत. दुपारी खाडीवरून वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांना मिठाचा खरखरीतपणा यायचा. आईला त्याचा राग यायचा. मावशीला फक्त ऑर्गनची काळजी. वारा सुटला की ती खिडकी लावून घ्यायची आणि ऑर्गनवर जुनं नऊवारी लुगडं पांघरायची, तापलेल्या मुलावर घालावं तसं.

खोलीत ऑर्गन होता, की ऑर्गनभोवती खोली होती, हे सांगणं कठीण. सागवानी, जवळजवळ माझ्या खांद्याइतका उंच, खाली पायांनी मारायच्या दोन पावड्या, वर पिवळट पडलेल्या पट्ट्या. त्याच्या पोटात कापराच्या वड्या ठेवलेल्या असायच्या. झाकण उघडलं की आधी कापराचा वास यायचा, मग पितळेचा, मग जुन्या लाकडाचा. आणि पाय मारले की सूर लागण्याआधी आतून एक श्वास ऐकू यायचा. कुणीतरी बोलायच्या आधी घेतो तसा. मला त्या श्वासाचं वेड होतं.

गिरणीतल्या कामगारांच्या नाटक मंडळीत मावशी ऑर्गन वाजवायची. बाबा त्याच गिरणीत होते. ते सांगायचे, पडदा उघडायच्या आधी इंदूचा सूर लागला की मागच्या रांगेतला माणूससुद्धा विडी विझवायचा. गिरण्या बंद पडल्या, मंडळी पांगली. बाबा नाहूरच्या एका कारखान्यात गेटवर बसायला लागले. ऑर्गन मावशीच्या खोलीतच राहिला आणि त्याच्यापुढच्या स्टुलावर संध्याकाळी मी बसायला लागले, ते नवव्या वर्षापासून. दिवे लागले की खाली उतरायचं, हात धुवायचे, पुसायचे, आणि बसायचं. ओल्या हाताने पट्टीला शिवलेलं तिला चालायचं नाही.

"बोटं आपटू नकोस गं. दार ठोठावतेयस का? तो घरातच आहे," ती म्हणायची.

त्या वर्षी एप्रिल संपता संपता, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी गावाला चालले. कायमची."

का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिच्या भावाचं घर होतं देवगडच्या बाजूला, खाडीपलीकडे, एवढं मला ठाऊक होतं.

"भांडी काय, कपडे काय, माझ्याबरोबर येतील," ती म्हणाली. "ऑर्गनचं तेवढं बघायला हवं. तुझ्या कॉलेजला सुट्टी आहे ना? जरा चौकशी कर. परवडेल असं काहीतरी."

मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला आतून आनंद झाला होता. एवढं धूड इतक्या लांब कोण नेणार? ते इथेच राहील. आणि इथे राहिलं तर कुणाकडे राहणार?

तरी मी चौकशी मनापासून केली. आधी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेले. तेव्हा आमच्या कोकणात रेल्वे नव्हतीच. खिडकीमागच्या माणसाने नकाशा न बघताच सांगितलं, "कोल्हापूरपर्यंत नेऊ. पुढे घाट उतरून तुमचं तुम्ही न्या. आणि असं उघडं चालणार नाही, लाकडी खोका करून आणा." सुताराला विचारलं तर खोक्याचंच वजन ऑर्गनच्या निम्मं होत होतं, आणि पार्सलचं भाडं वजनावर. मग एस.टी.च्या डेपोत गेले. तिथला कंट्रोलर हसायलाच लागला. "ताई, टपावर बोचकी चढतात, सायकली चढतात. हे तर देवघर सांगताय तुम्ही." भाऊच्या धक्क्यावर कळलं की बोट आता मधल्या बंदरांना थांबत नाही, आणि थांबायची तेव्हाही भर पाण्यात बोटीवरून होडीत सामान उतरवावं लागायचं. ऑर्गन दोराला लोंबकळत होडीत उतरतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी तिथूनच परत फिरले. शेवटी मशीद बंदरला ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात गेले. तिथे हमाल मिरच्यांची पोती एकमेकांवर भिरकावत होते, हवेत ठसका होता, आणि मुनीम शिंकत शिंकत म्हणाला, "पोचेल तेव्हा पोचेल. वाटेत तीनदा गाडी बदलेल. फुटलं तर आमच्याकडे यायचं नाही."

दर वेळी घरी येऊन मी मावशीला सांगायचे, "नाही जमत गं." चेहरा पाडून सांगायचे. ती म्हणायची, "असू दे. दमलीस ना? सरबत घे." ते कोकमाचं सरबत मला गोड लागायचं नाही, तरी मी पूर्ण प्यायचे.

मग एका रविवारी आईने आंबे आणायला मैदानात पाठवलं. एक ट्रक नुकताच रिकामा झाला होता. जमिनीवर पेंढा पसरलेला, त्यावर फुटक्या आंब्यांचा रस, माश्या घोंगावताहेत. ट्रकच्या हौद्यात एक पन्नाशीचा माणूस रिकामी खोकी रचत होता. चट्ट्यापट्ट्यांची हाफपँट, डोक्याला पंचा. सगळे त्याला दाजी म्हणत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "दाजी, परत जाताना काय नेता?"

"खोकी आणि वारो," तो हसला. "दुसरा काय गावतला?"

"एक पेटी न्याल? देवगडकडे?"

"रिकामी?"

"आंब्याची नव्हे हो. वाजवायची. मोठा ऑर्गन आहे. इंदूमावशीचा."

त्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. "गिरणीतल्या नाटकात वाजवी ती इंदूबाय? माझ्या बापाशीन मुंबैत नाटक बघलेला तिचा. गावाक येवन वर्षभर त्याच सांगी." तो खाली उतरला. "हाड गो चेडवा, घेवन ये ती पेटी. रिकामी गाडी जाता, तिचा भाडा ता काय घेवचा? डिझेलाक हातभार लावा, झाला. पण बेगीन काय ता सांग. पावसाआधी तीनच खेपो रवल्यात."

मी आंबे घेतले, घरी आले, आईच्या हातात पिशवी दिली. मावशीच्या दारावरून जाताना तिने विचारलं, "मिळाले का गं चांगले?"

"मिळाले," मी म्हटलं, आणि जिना चढले.

त्या रविवारची खेप गेली. पुढच्या रविवारचीही गेली. मी मैदानाच्या बाजूने जायचं टाळत होते. संध्याकाळी खाली उतरायचे, हात धुवायचे, पुसायचे, स्टुलावर बसायचे. मावशी मागे बसून ऐकायची, पण आता चुका काढायची नाही. मला वाटलं, मी सुधारले. आज कळतं, ती मनातल्या मनात निरोप घेत होती.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी खाली गेले तर तिच्या खोलीत एक परका माणूस. स्टेशनपलीकडचा जुन्या सामानवाला. त्याने ऑर्गनवरचं लुगडं बाजूला टाकलं होतं आणि बोटाच्या पेराने लाकूड वाजवून बघत होता. टक. टक. टक.

"सागवान एकदम कडक आहे बाई," तो म्हणाला. "वर आरसा बसवला की झकास ड्रेसिंग टेबल होईल. कुणी ओळखणार पण नाही."

"आणि आतलं?" मावशीने विचारलं.

"आतलं काय? पितळ आहे ना, ते वजनावर जाईल."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिचा एक हात झाकणावर होता. तिने फक्त "बरं" म्हटलं. तो "बरं" मी अजून विसरलेले नाही. एखाद्याला दवाखान्यात ठेवून निघताना माणूस म्हणतो, तसा होता तो.

"देऊ नकोस," माझ्या तोंडून निघालं. "मावशी, देऊ नकोस. गाडी आहे. आंब्याचा ट्रक. रिकामा जातो परत. दाजी म्हणून आहेत, देवगडचे. ते न्यायला तयार आहेत. रविवारी शेवटची खेप आहे."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मावशीही.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

मी खाली पडलेल्या लुगड्याकडे बघत राहिले.

"कधी कळलं?"

"दोन रविवार झाले."

ती वळली. जुन्या सामानवाल्याला म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास झाला. चहा घेऊन जा." त्याला चहा दिला, कप विसळला. मग खाली पडलेलं लुगडं उचललं, झटकलं आणि ऑर्गनवर पुन्हा पांघरलं. मी दारात उभीच होते. तिने मला आत ये म्हटलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मी खाली उतरले नाही. संध्याकाळी दिवे लागायचे, आणि खालून काहीच ऐकू यायचं नाही. आईने बाबांना विचारलं, "भांडल्या की काय दोघी?" बाबा म्हणाले, "जाण्याच्या वेळेला असं होतं."

शनिवारी गाडी आली तशी बाबा दाजीला घेऊन आले, तो ऑर्गन बघून गेला. रविवारी सकाळी बाबा आणि चाळीतले पाच जण मिळून तो हातगाडीवर चढवला. मैदानात दाजीने आधीच तयारी करून ठेवली होती. ट्रकच्या मागच्या टोकाला सामान जास्त उडतं, म्हणून त्याने जागा पुढे केली होती, केबिनला चिकटून. खाली जुन्या टायरच्या ट्यूब थोडी हवा भरून अंथरल्या, त्यावर पेंढा, त्यावर ऑर्गन. दोन्ही बाजूंना रिकाम्या खोक्यांच्या रांगा, एकमेकांत घट्ट बसवलेल्या. "आता ह्यो हलाचो नाय," दाजी म्हणाला. "हललो तरी खोकी दबतली, लाकूड नाय." मावशीने पट्ट्यांवर कापसाची घडी पसरली, झाकण बंद करून सुतळीने बांधलं, पावड्या बांधल्या. गाठ बसेना, तेव्हा मी पुढे होऊन ती मारली.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाटेत काही हललं तर मला एकटीला उघडता यायचं नाही. तू चल."

आईने घाईघाईने पिशवीत दोन साड्या आणि भाकऱ्या कोंबल्या. मी चपला बदलायलाही वर गेले नाही.

तेवढ्यात, इकडे दवाखान्यात, नर्सने येऊन माझ्या डोळ्यांत पुन्हा थेंब घातले. "अजून पंधरा मिनिटं, आजी," ती म्हणाली. मी मान हलवली. पंधरा मिनिटांत मी पनवेल ओलांडून गेले होते.

ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायांना लागायची. डिझेलचा, पेंढ्याचा आणि मावशीच्या पिशवीतल्या सुकटीचा वास. रस्त्याकडेला करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका, काजूच्या बोंडांचा आंबूस दर्प, वडखळच्या पुढे उन्हात पडलेली भाजलेली शेतं. गाडी जिथे जिथे थांबे, तिथे तिथे मावशी चाकावर पाय देऊन हौद्यात चढायची. पासष्टीची बाई. खोक्यांच्या फटीतून हात घालून लाकडाला स्पर्श करायची आणि उतरायची. तिसऱ्या वेळी दाजी म्हणाला, "इंदूबाय, झोपलो हा तो. उठवू नुको." तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मुक्काम पोलादपूरला दाजीच्या बहिणीकडे झाला. सकाळी कशेडीचा घाट लागला. ट्रक इतका हळू चढत होता की बाहेरच्या पक्ष्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मावशी समोर बघत होती. तशीच समोर बघत म्हणाली, "तुला हवा होता ना तो?"

"हो," मी म्हटलं.

"मग मागितला का नाहीस?"

"मागितला असता तर दिला असतास?"

तिने थोडा विचार केला. खरंच केला, मी बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "नसता दिला. पण मागायला हवा होतास गं. मला वाटलं असतं, कुणाला तरी हवाय. तो माणूस लाकूड ठोकत होता ना, तेव्हा मला वाटत होतं, हे आता कुणालाच नकोय."

मी रडायला लागले. मावशीने पदराचं टोक माझ्या हातात दिलं. दाजी आरशात बघून न बघितल्यासारखं करत होता, आणि वळणावर विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो, म्हणजे रस्ता पोचला. पुढे घरापर्यंत गाडी जात नव्हती. एक उताराची पायवाट, मग ओहोळावरचा लाकडी साकव, मग माडांतून चढ. मावशीचा भाऊ गावकऱ्यांना घेऊन तिठ्यावर उभा होता. त्यांनी देवळातले पालखीचे दांडे आणले होते. दोर ऑर्गनच्या खालून घेतले, दांड्यांना बांधले, पंचे खांद्यावर टाकले. उचलताना सगळ्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. एक म्हातारा पुढे चालत सांगत होता, "पालखीसारखे चला रे. धावा नुको. पाय जुळवा." आणि खरंच, ते पालखीच्याच चालीने चालले, दोन पावलं पुढे, थोडा झोका, दोन पावलं पुढे. साकवावर फळ्या करकरल्या. मावशी मागे थांबली होती. तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं. पलीकडे शेवटचा पाय टेकला तेव्हा तिने सोडलं. माझ्या मनगटावर तिच्या बांगडीचा वळ उठला होता.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑर्गन त्या घरात अकरा वर्षं वाजला. मावशीने गावातल्या पोरींना शिकवलं, भजनाला साथ केली. खाऱ्या हवेने आतल्या पितळी जिभा गंजल्या, एकेक सूर गेला. ती पत्रात त्यांची खबर कळवायची, दात पडल्याची सांगावी तशी. मी लग्न होऊन बोरिवलीला गेले. माझ्या घरात ऑर्गन कधी आला नाही, जागाही नव्हती. मावशी गेली तेव्हा मी पोचू शकले नाही. ऑर्गनचं पुढे काय झालं, ते मी मुद्दाम विचारलेलं नाही.

मला आठवते ती पोचल्या दिवसाची संध्याकाळ. ओटीवर ऑर्गन ठेवला होता. वाहून आणणारे अंगणात बसून पाणी पीत होते, कुणाचाच पाय निघत नव्हता. दाजीही थांबला होता. मी सुतळी सोडली, कापूस काढला. मावशी स्टुलावर बसली, पण प्रवासाने आखडलेले पाय पावड्यांवर चालेनात, तशी ती उठली.

"तू बस," ती मला म्हणाली. "भूप वाजव."

मी हात धुतले, पुसले आणि बसले. पाय मारला. आतला श्वास आला. षड्ज लागला, रिषभ लागला. गंधाराची पट्टी दाबली आणि फक्त हवा आली. पुन्हा दाबली, पुन्हा नुसती हवा. प्रवासात तेवढा एक सूर अडकला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची पितळी जीभ काढली, साफ केली, मग तो वाजला. पण त्या वेळी माझे हात थांबले. गंधाराशिवाय भूप कसा वाजवायचा? अंगणातली माणसं माझ्याकडे बघत होती.

"थांबू नकोस," मावशी म्हणाली. ती उंबऱ्यावर पाय पसरून, डोळे मिटून बसली होती.

मी पुन्हा सुरुवात केली. षड्ज, रिषभ, आणि जिथे पट्टी मुकी होती तिथे मागून आवाज आला. मावशीचा. बारीक, थोडा चिरलेला, पण केसाइतकाही न हललेला गंधार. एवढ्या वर्षांत मी तिला गाताना कधीच ऐकलं नव्हतं. मी वर गेले, पंचम, धैवत, आणि खाली उतरताना तो सूर पुन्हा आला तेव्हा ती तिथे हजर होती. अंगणात कुणी हललं नाही. माडांमागे ऊन उतरत होतं.

आलाप केव्हाच संपायला हवा होता. मी त्याच एका सुरावर पुन्हा पुन्हा येत राहिले.